उजेडाची कड

माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळ ज्याच्याकडे टक लावून बघितलं, तो एका परदेशी म्हाताऱ्याचा डावा कान आहे. सतरा दिवस बघितलं. सतराव्या दिवशी सर म्हणाले, "आता जमला," तेव्हा मला इतका आनंद झाला की परतीच्या जीपमध्ये शेजारच्या बायकांना मी तो कागद उलगडून दाखवला. एकीने विचारलं, "काय हाय हे, काजू का?" मला त्या बाईची कीव आली. मला स्वतःलाही दोन कान आहेत आणि ते घरच्या आरशात रोज फुकट दिसतात, हे तोपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण आमच्या सरांकडे जिवंत कानाकडे बघायला बंदी होती.

सर गोरेगावचे. सेनगाव तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. तिथल्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि रविवारी घरच्या ओसरीत, पत्र्याखाली, आम्हा चार-पाच जणांना 'मनुष्याकृती' शिकवायचे. हा शब्द ते अशा आवाजात उच्चारायचे की ऐकणाऱ्याने उठून उभं राहावं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि आमच्या गावाहून जीपने, बहुतेक वेळा कोणाच्या तरी मांडीवर बसून, तिथे पोचायचे. वडिलांना मी सांगितलं की मी माणसं काढायला शिकते आहे. त्यांनी विचारलं, "कोनाची?" मी म्हटलं, पुस्तकातली, जुन्या उस्तादांनी काढलेली, परदेशातली, कधीच मरून गेलेली.

"काहून?" वडील म्हणाले. "जित्यांनी काय पाप केलं?"

एवढं बोलून ते खुरपं घेऊन शेताकडे गेले. वडील शेतकरी माणूस, त्यांना कलेतलं काही कळत नाही, असं मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. ती वही अजून आहे, आणि ते पान मी कोणाला दाखवत नाही.

पुस्तक सरांनी तरुणपणी नांदेडच्या एका रद्दीवाल्याकडून उचललं होतं. जाडजूड, कव्हर गेलेलं, सुरुवातीची पानं गेलेली. चित्रांखाली जी नावं होती ती इंग्रजीही नव्हती. कुठल्या भाषेतली ते सरांनाही सांगता यायचं नाही. त्यामुळे चित्रातल्या माणसांचं बारसं आम्हीच केलं होतं. एक टोपीवाला, एक रडकी, एक ढेरपोट्या, एक कंदीलवाली, आणि ज्याच्या कानात माझे सतरा रविवार गेले तो कानवाला. सरांना ही नावं आवडायची नाहीत. ते सगळ्यांना मिळून "मोठे लोक" म्हणायचे. पुस्तकात मोठ्या लोकांची चौऱ्याऐंशी चित्रं होती, आणि सर स्वतःही आमच्यासारखेच ती एकामागून एक उतरवत होते. फरक एवढाच की आम्ही हातचं अर्धं सोडून पुढच्या चित्राकडे पळायचो आणि सर पळायचे नाहीत. एक चित्र मनासारखं झालं नाही की ते फाडून पुन्हा पहिल्यापासून. वर्षाला दोन, फार तर तीन.

उतरवायची सरांची एक रीत होती. एक काच, तिच्यावर काळ्या रंगाने आखलेले चौकोन. ती काच पानावर ठेवायची. काचेवर वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्राला नेमकं एका चौकोनाएवढं भोक. आपण त्या भोकातून बघायचं, आणि जे दिसेल ते आपल्या कागदावरच्या त्याच चौकोनात काढायचं. एक चौकोन पुरा झाला की सर येऊन वर्तमानपत्र सरकवणार. वर्तमानपत्राखाली काय आहे ते विचारायचं नाही. मी एकदा दोन आठवडे एक टेकडी रंगवली, वर धुकं वगैरे. तिच्यावर माझा जीव जडला होता. वर्तमानपत्र उचललं तेव्हा कळलं, तो ढेरपोट्याचा गुडघा होता.

"सर, आधी पूर्ण चित्र बघितलं तर काय बिघडतं?" मी विचारलं.

"पूरा चेहरा पाह्यला की मानूस दिसतो," सर म्हणाले, "अन् मानूस दिसला की हात चुकतो."

हे वाक्य मला तेव्हा फार खोल वाटलं होतं. मी तेही वहीत लिहिलं.

या सगळ्यापेक्षा खोल मात्र उजेडाची कड होती. पुस्तकातल्या प्रत्येक माणसाच्या डाव्या बाजूला, गालाच्या कडेला, नाकाच्या कडेला, एकेका बोटाच्या कडेला, दोऱ्याएवढी लाल रेघ असायची. एखाद्या पानावर बारीक, एखाद्यावर ठसठशीत. सर ती रेघ दाखवताना आवाज खाली आणून सांगायचे: उजेड मानसावर पडतो, ते कोनालाबी दिसतं. पर तोच उजेड आजूबाजूच्या वस्तूवर आपटून तिचा रंग घेऊन परत येतो अन् मानसाच्या कडेला चिकटतो. ही कड ज्याला दिसली तो चित्रकार, बाकीचे भिंती रंगवनारे. ही कड काढायला त्यांनी एका केसाचा ब्रश केला होता, आणि तो हातात मिळायला मला तीन वर्षं लागली. कानवाल्याच्या कानामागे मी ती लाल रेघ ओढली आणि ब्रश दोन्ही हातांनी सरांना परत केला.

आता यात एक गोष्ट कोणाच्याही लक्षात यायला हवी होती. ही लाल रेघ नुसती माणसांना नव्हती. कुत्र्याला होती, सुरईला होती, पावाला होती. एवढंच काय, चित्र जिथे संपतं आणि पानाचा पांढरा भाग सुरू होतो, तिथेही डावीकडे वरपासून खालपर्यंत सरळ एक लाल रेघ होती. मी एकदा ते सरांना दाखवलं. सर त्या रेघेवर वाकले आणि म्हणाले, "उस्तादाचा उजेड चौकटीतबी मावत न्हाई." आम्ही पाचही जणांनी ते वाक्य वहीत उतरवलं. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

सरांच्या हाताखालून गेलेली पोरं पुढे पाट्या रंगवायला लागली, देवळाच्या भिंती रंगवायला लागली, काही माझ्यासारखी शाळेत लागली, आणि उजेडाची कड आमच्या भागात सगळीकडे पसरली. नरसीच्या रस्त्यावर प्रसादाच्या एका दुकानाच्या पाटीवर टाळ वाजवणारा बुवा आहे. त्याच्या नाकाला डावीकडून लाल कड. हळदीच्या एका आडतीवर लक्ष्मी आहे. तिच्या चारही हातांना लाल कड, आणि हत्तींनाही. कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावर जी कोंबडी रंगवली आहे तिलाही उस्तादांचा उजेड लागलेला आहे. बाहेरचा माणूस विचारायचा, तुमच्याकडे सगळ्यांना डावीकडून खरचटलंय का? आम्ही हसायचो. त्याला काय कळणार, असं ते हसू. हिंगोलीच्या ज्या शाळेत मी चित्रकला शिकवते, तिथे मी सहावीच्या लेकरांकडून मडक्यालाही लाल कड काढून घेतली आहे.

या सगळ्यात सरांच्या घरात एक जिवंत माणूस होतं. काकू, म्हणजे सरांची बायको. दर रविवारी अकराच्या सुमारास त्या चहाचा ट्रे घेऊन ओसरीत यायच्या, कप मांडायच्या आणि उंबऱ्यावर बसायच्या. काकू दिसायला कशा होत्या हे मला इथे सांगता यायला हवं. वीस वर्षांहून जास्त काळ मी त्या घरात जाते आहे आणि माणसांचे चेहरे काढायला शिकते आहे. पण खरं सांगायचं तर मी त्यांच्या हातातल्या कपाकडे बघत आले.

काकूंना एकच गोष्ट हवी होती, आणि ती त्या कोणापासून लपवायच्या नाहीत. लग्न झालं त्या वर्षी सरांनी कबूल केलं होतं, हे पुस्तक संपलं की तुझं चित्र काढतो. चित्रं चौऱ्याऐंशी आहेत हे त्या वेळी काकूंनी मोजलं नव्हतं. नंतर मोजलं. पुस्तकात खूण म्हणून त्यांनी आपल्या जुन्या साडीच्या काठाची एक लाल चिंधी घातली होती, आणि एक चित्र पुरं झालं की ती चिंधी पुढच्या पानात सरकवायचं काम त्यांचं होतं. दुसऱ्या कोणाला त्या हात लावू द्यायच्या नाहीत.

"काकू, मोबाइलवर छान फोटो काढून मोठा करून देऊ का?" मी एकदा म्हटलं होतं.

"फोटो आधारकार्डावर हाय," काकू म्हणाल्या. "मेल्यावर हार घालायला तेवढा पुरंल. मला जिती हाय तवर पाहायचंय, ह्यांना मी कशी दिसते ते."

सर तिथेच बसले होते. भोकातून कंदीलवालीची भुवई बघत होते. म्हणाले, "मोठे लोक संपू दे. अन् जितं मानूस हलतं. पुस्तकातलं हलत न्हाई."

गेल्या वर्षी पुस्तकाची शिवण सुटली. पानं सुटी होऊन वाऱ्यावर जायला लागली, म्हणून सरांनी आयुष्यात पहिल्यांदा ते पुस्तक दुसऱ्याच्या हाती दिलं. माझ्या. जुन्या लुगड्यात गुंडाळून, वर सुतळी बांधून. "बांधून आन," म्हणाले. हिंगोलीत लग्नपत्रिका छापणारे एक चाचा आहेत, ते बाइंडिंगही करतात. मी पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं, दबक्या आवाजात सांगितलं की चाचा, जपून, हे फार मोठं पुस्तक आहे. चाचांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, मधलं एक पान उघडलं आणि हसायला लागले.

"अरे बेटा, ये किसने छापा? इसका तो लाल सरक गया है पूरा."

"म्हणजे?"

चाचांनी मला ओढून आतल्या खोलीत नेलं. तिथे कोपऱ्यात वाया गेलेल्या कागदांचा ढीग होता. त्यातली एक लग्नपत्रिका काढून त्यांनी माझ्या हातात दिली. पत्रिकेवर गणपती होता, आणि गणपतीच्या सोंडेच्या डाव्या कडेला दोऱ्याएवढी लाल रेघ होती. चाचांनी समजावून सांगितलं: छापताना चार रंग एकावर एक बसवतात, लाल जरा सरकला की सगळ्याला लाल कड येते. माणसाला येते, हत्तीला येते, कागदावर जे असेल त्याला येते. "ऐसा माल हम फेंक देते हैं," चाचा म्हणाले. आणि त्यांनी पुस्तक बांधायला घेतलं.

मला त्या क्षणी वाईट वाटायला हवं होतं. सरांची चाळीस वर्षं, माझी वीस वर्षं, त्या गरीब कोंबडीचं काय ते वेगळंच. पण मला आनंद झाला. अगदी उघडा, कोडगा आनंद. सतरा दिवसांचा कान, टेकडीसारखा गुडघा, तीन वर्षं न मिळालेला एका केसाचा ब्रश, या सगळ्याचा बदला माझ्या पर्समध्ये येऊन बसला होता. ती सरकलेल्या रंगाची पत्रिका मी चाचांकडून मागून घेतली. जीपमध्ये मी एकटीच हसत होते, आणि शेजारच्या माणसाने जरा अंग चोरून घेतलं.

पण लगेच सांगता येईना, कारण काकू. मी पुस्तक घेऊन पोचले तर त्यांनी आधी त्यातली लाल चिंधी जागेवर आहे ना ते बघितलं आणि मला म्हणाल्या, "एकच राह्यलं आता." शेवटचं, चौऱ्याऐंशीवं. ते व्हायच्या आत मी तोंड उघडलं तर सर ब्रश खाली ठेवतील आणि काकूंची पाळी कधीच येणार नाही, एवढी अक्कल मला होती. म्हणून पाच महिने मी ती पत्रिका पर्समध्ये घेऊन फिरले. दर रविवारी सर कडेविषयी बोलायचे आणि मी मान हलवायचे. त्या मान हलवण्यात काय मजा होती ते सांगायला मला लाज वाटते.

दिवाळीनंतर चौऱ्याऐंशीवं चित्र झालं. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले तर काकूंनी हिरवी, लाल काठाची इरकल नेसली होती, डोक्यावर पदर घेतला होता आणि ओसरीत खुर्ची मांडून त्या बसल्या होत्या. त्या दिवशी इतर कोणी आलं नव्हतं. सर त्यांच्याभोवती दोन चकरा मारून आले. मग आत गेले आणि चौकोनांची काच घेऊन आले. आणि मी सांगते ते कोणाला खरं वाटणार नाही, पण त्यांनी ती काच काकूंच्या तोंडासमोर धरली आणि मला म्हणाले, "वर्तमानपत्र लाव."

मी लावलं. वीस वर्षांची सवय, दुसरं काय. वर्तमानपत्राच्या भोकात काकूंच्या नाकाचा शेंडा आला. सरांचा हात भरून आला, काच डुगडुगली, भोकात डोळा आला, मग पुन्हा नाक आलं.

"हलून राह्यली तू," सर म्हणाले.

"मी श्वास घेऊन राह्यले," वर्तमानपत्रामागून काकू म्हणाल्या.

दहा मिनिटांत सरांनी हात टेकले. खिशातून मोबाइल काढला, काकूंचा एक फोटो घेतला आणि सेनगावला जाणारी जीप धरली. फोटो मोठा करून आणायला. काकूंना कोणी ऊठ म्हणालं नाही म्हणून त्या तशाच बसून राहिल्या. दुपार झाली, ऊन ओसरीतून निघून गेलं, तेव्हा त्या उठल्या आणि त्यांनी मला चहा करून दिला.

पुढचे काही रविवार सर त्या फोटोवर काच ठेवून, काचेवर वर्तमानपत्र ठेवून, भिंतीकडे तोंड करून बायकोचं चित्र काढत बसले. मोबाइलला हल्ली चेहरा आपोआप गुळगुळीत करायची खोड असते, तेव्हा फोटोतल्या काकू मैदा लावल्यासारख्या दिसत होत्या. सर चौकोनामागून चौकोन तो मैदा इमानदारीने उतरवत होते. खऱ्या काकू त्यांच्या पाठीमागे, चार हातांवर, उंबऱ्यावर बसायच्या आणि आपल्याला कुठपर्यंत आणलंय ते मान उंच करून बघायच्या. कपाळ झालं. उजवा डोळा झाला. नाक झालं, ओठ झाले. आता फक्त डावी बाजू राहिली होती, डावा डोळा आणि गाल, आणि गाल रंगवायच्या आधीच सरांनी एका केसाचा ब्रश उचलला आणि तो लाल रंगात बुडवला.

"सर, फोटोत ती कड नाही," मी म्हटलं.

"फोटोला उजेड दिसत न्हाई," सर म्हणाले.

तिथे मला गप्प बसता आलं असतं. एक रविवार, फार तर दोन. पण त्या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. ज्या माणसाने पाठीमागे बसलेल्या बायकोकडे वळून बघितलं नाही, तो मला उजेड सांगतो! मी पर्स उघडली, पत्रिका काढली आणि काचेवर आपटली. चाचांनी जे सांगितलं ते सगळं सांगितलं. लाल सरकतो, सर. छापखान्यात. उस्तादांचा यात काही संबंध नाही. चाचा असला माल फेकून देतात, हेही सांगितलं. ते सांगायची काहीच गरज नव्हती.

सरांनी पत्रिका हातात घेतली. मग पुस्तक उघडलं आणि चित्राच्या बाहेरच्या, पांढऱ्या पानाला लागून असलेल्या त्या सरळ रेघेवर बोट ठेवलं. बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. मग ते म्हणाले, "म्हंजे मी चाळीस वर्षं छापखान्याच्या चुका काढून राह्यलो." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. त्यांनी ब्रश पाण्यात धुतला, काच पुसली, पुस्तक लुगड्यात गुंडाळलं आणि हे सगळं आतल्या ट्रंकेत ठेवून दिलं. चित्र तसंच बोर्डावर राहिलं. त्यातल्या काकूंना एकच डोळा होता आणि डावा गाल नव्हता.

पुढच्या रविवारी सर बाहेर आलेच नाहीत. आतल्या खोलीत कॉटवर बसून होते. काकूंनी चहा आणला, माझ्यासमोर ठेवला आणि उंबऱ्यावर न बसता उभ्याच राहिल्या.

"झालं समाधान?" त्या म्हणाल्या.

"काकू, खोटं होतं ते. किती वर्षं चालवायचं?"

"खरं सांगायला कोन नगं म्हनलं? पर माय, डोळा तरी होऊ द्यायचा होता."

मला इतकी शरम वाटली की चहा तसाच ठेवून मी उठले. पुढे चार रविवार तसेच गेले. सर कॉटवर, चित्र बोर्डावर, आणि मी ओसरीत एकटी. बाकीचे विद्यार्थी यायचे बंद झाले होते. शेवटी मी म्हटलं, काकू, मी काढते तुमचं चित्र. समोर बसवून, काच नाही, काही नाही.

"तुला मी कशी दिसते त्याचं मला काय करायचंय?" काकू म्हणाल्या.

मी पर्स उचलली आणि चपला शोधायला लागले. पण थोड्या वेळाने आतून त्या हिरवी इरकल नेसूनच बाहेर आल्या. साडी इस्त्री करून ठेवलेलीच होती, वाया कशाला घालवायची, असं म्हणाल्या. नुसतं बसून राहायची लाज वाटते म्हणून मांडीवर सुपात तुरीच्या शेंगा घेतल्या आणि सोलायला लागल्या. सकाळचं ऊन ओसरीत तिरकं आलं होतं. मी कोरा कागद लावला आणि समोर बघितलं. चौकोन नव्हते. कुठून सुरू करायचं तेच कळेना. समोर एक पूर्ण चेहरा होता, आणि तो शेंगा सोलताना हलत होता, मधेच ओठ मुडपत होता, मधेच माझ्याकडे बघत होता. माझा डावा हात दोनदा नकळत वर्तमानपत्र शोधायला गेला.

अर्ध्या तासाने मी काकूंच्या डाव्या गालापाशी आले आणि तिथे लाल कड होती.

मी डोळे चोळले. वाटलं, लागली सवय ती लागलीच. आता मला जगात सगळीकडे सरकलेला लाल दिसणार. पुन्हा बघितलं. गालाच्या कडेला, कानशिलापासून हनुवटीपर्यंत, दोऱ्याएवढी, लाल. मी उठले आणि काकूंच्या डोक्यावरचा पदर मागे सारला. कड गेली. पदर पुन्हा पुढे आणला, काठावर ऊन पडलं, आणि कड गालावर परत आली. साडीचा लाल काठ होता तो. उजेड त्याच्यावर आपटत होता, त्याचा रंग घेऊन परत येत होता आणि काकूंच्या गालाला चिकटत होता. सर शब्दशः हेच सांगत आले होते. पुस्तकात ते कुठेच नव्हतं, आणि त्यांच्या घरात लग्नापासून पदर घेऊन चहा वाटत फिरत होतं.

"काय झालं गं? काहून रडून राह्यली?" काकूंनी विचारलं.

मी डोळे पुसले. आतल्या खोलीच्या दाराशी गेले आणि म्हटलं, "सर, बाहेर या. कड आहे."

"थट्टा करून राह्यली का?"

"सर, या."

ते आले. चष्मा हातात, सदऱ्याची बटणं वरखाली. मी काकूंचा पदर मागे सारला, पुढे आणला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. सर जवळ गेले, इतके जवळ की काकूंनी मान मागे घेतली. त्यांनी चष्मा लावला. आधी कडेकडे बघितलं, मग गालाकडे, मग डोळ्यांकडे, आणि मग ते मागे सरकले आणि नुसते उभे राहिले. भोक नव्हतं, काच नव्हती. माझ्या हातातला ब्रश त्यांनी न विचारता काढून घेतला. इतक्या वर्षांत विचारून कधी घेतला होता! बोर्डावरचं एका डोळ्याचं चित्र पुढे ओढलं आणि खुर्ची काकूंच्या समोर वळवून घेतली.

"हलू नको," सर म्हणाले.

"आता कुठं हलते? लग्न झाल्यापासून इथंच हाय."

अकरा वाजले होते. चहाची वेळ. काकूंनी सवयीने सूप बाजूला ठेवलं आणि उठायला लागल्या, तर सर ओरडले, "हलू नको म्हनलं ना!" म्हणून मग चहा टाकायला मी आत गेले. गॅस पेटवला, आधण ठेवलं. बाहेरून सरांचा आवाज आला, "हा तीळ कवाचा?"

"लग्नात होता," काकू म्हणाल्या.

पाणी उकळायला लागलं होतं आणि मी फळीवरचे डबे एकामागून एक उघडून बघत होते. वीस वर्षं दर रविवारी त्या घरात चहा प्यायले मी. साखर कुठे ठेवतात, ते मला ठाऊक नव्हतं.